माघार आमची होती, मुलीची नव्हती

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीच्या आसपास, विदर्भातल्या शाळा उघडतात. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या मुलीला महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीत घातले. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारेल. लिहिण्यासारखे हे आहे की तिसरीच्या दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत, दीड वर्षाहून जास्त काळ, ती कोणत्याच शाळेत नव्हती. ती घरी होती आणि आम्ही तिला शिकवत होतो. तिला घरी बसवण्याचा निर्णय आम्ही घेतला, त्याचे समर्थन आम्ही केले आणि तो चुकला हेही आम्हालाच कबूल करावे लागले. त्या निर्णयाचा हा हिशेब आहे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही. नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करतो. शाळाबाह्य मुले शोधायची, त्यांच्या आईबापांना समजवायचे, कागदपत्रे जमवायची आणि मुलांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचवायचे, हे आमचे काम. आमच्यापैकी एकाने समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, त्यामुळे शाळा ही संस्था विषमता कशी पुन्हा पुन्हा जन्माला घालते हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. ते स्वतःच्या लेकराच्या अंगावर पडले तेव्हा मात्र पुस्तक कामी आले नाही.

मुलगी पहिलीत एका खासगी इंग्रजी शाळेत लागली होती, आरटीईच्या २५ टक्के जागांतून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) मुळे मिळालेली ती जागा होती. सोडतीत नाव लागले तेव्हा आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले होते. दोन वर्षे बरी गेली. तिसरीत नव्या पुस्तकांच्या संचाचे पैसे मागितले गेले. ते आम्ही भरायचे की नाही यावर शाळेशी आमचे बोलणे सुरू होते. एक दिवस वर्गशिक्षिकेने वर्गात सांगितले, "आरटीईवाले उभे राहा." पाच मुले उभी राहिली. बाकीच्यांना पुस्तके वाटून होईपर्यंत ती उभीच होती. त्या दिवसापासून वर्गात त्या पाच जणांचे नावच पडले. मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीने तिला विचारले, "तुम्ही गरीब आहात की खालचे आहात?" आठ वर्षांच्या मुलीने घरी येऊन तोच प्रश्न आम्हाला विचारला. खालचे म्हणजे काय, आपण किती खाली राहतो?

त्यानंतर रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना दाखवले, काही निघाले नाही. रविवारी पोट दुखत नव्हते, यावरून आम्ही समजायचे ते समजलो.

आम्ही मुख्याध्यापिकेला भेटलो. "मॅडमच्या मनात तसे काही नव्हते," एवढेच उत्तर मिळाले. आणि आम्ही काय केले? तोंडी बोललो, घरी आलो, चिडलो आणि दिवाळीनंतर मुलीला पाठवले नाही. वस्तीतल्या लोकांसाठी अर्ज लिहिणारे आम्ही, स्वतःच्या मुलीसाठी एक लेखी तक्रार केली नाही. कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्याला मनाई करते. आरटीईच्या मुलांना वर्गात वेगळे काढायचे नाही, हे केंद्राच्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिले आहे. हे आम्ही दुसऱ्यांना शिकवतो. तरीही आम्ही निघून आलो, आणि निघून येण्याला स्वाभिमान म्हटले.

हा शब्द आपल्या चळवळीत फार वजनाचा आहे, म्हणून तो कुठे वापरतो ते तपासायला हवे. आमची मुलगी शाळेतून गेली तेव्हा शाळेचे काय बिघडले? एक फुकटची जागा रिकामी झाली. त्या शिक्षिकेला काही उत्तर द्यावे लागले नाही. उरलेली चार मुले तिथेच राहिली, आता एकाने कमी. आणि २५ टक्क्यांचा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात मिळतो, म्हणजे आम्ही सोडलेली जागा मुलीला पुन्हा मिळणार नव्हती. अपमान करणारा जागेवर आणि अपमान सोसणारा बाहेर, याला स्वाभिमान म्हणायचे की त्यांच्या मनासारखे होणे?

पण तेव्हा हे सुचले नाही. तेव्हा घर फार सुंदर वाटत होते. सकाळी त्रिसरण-पंचशील, मग बालभारतीची पुस्तके. गणित किराण्याच्या यादीवर. आठवड्यातून एकदा अजब बंगल्यात किंवा रमण विज्ञान केंद्रात. दीक्षाभूमीच्या स्तूपाची सावली कधी कुठे पडते हे मोजून तिने भूगोल शिकला. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही इतका फुले-शाहू-आंबेडकरांचा इतिहास आम्ही तिला सांगितला. इव्हान इलिचचे 'डीस्कूलिंग सोसायटी' हे १९७१ चे पुस्तक आम्ही एम.ए.च्या काळात वाचले होते, ते पुन्हा बाहेर काढले आणि मित्रांना सांगू लागलो की शाळा म्हणजेच शिक्षण नव्हे. तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले आहे, असेही आम्ही म्हणत होतो. आपल्याला हवे ते सिद्ध करायला माणूस किती मोठी नावे वापरतो!

मुलगी खरेच पुढे गेली, हे नाकारत नाही. मराठी वाचन तिच्या वयाच्या मानाने खूप पुढे होते. प्रश्न विचारायची. पोटदुखी पहिल्या महिन्यातच गेली. कोणत्याही जखमी मुलाला काही काळ घराची ऊब लागते आणि ती देणे गुन्हा नाही. आमची चूक ही की आम्ही दवाखान्यालाच घर समजलो.

जे दिसत नव्हते ते हळूहळू दिसू लागले. विहारात रविवारच्या धम्मवर्गाला ती जायची. वर्ग संपला की मुले लगोरी खेळायची. ती आमच्याजवळ येऊन उभी राहायची. एकदा खेळायला गेली, कोणीतरी "तू आऊट" म्हटले. ती आऊट नव्हती, आम्ही बघत होतो. ती काही न बोलता बाजूला झाली. घरी आल्यावर आम्ही विचारले, भांडली का नाहीस? ती म्हणाली, "मला भांडता येत नाही. घरी माझ्याशी भांडायला कोणीच नाही."

तिला चवदार तळ्याचा सत्याग्रह तारखेनिशी पाठ होता आणि लगोरीत आपली बाजू मांडता येत नव्हती. आम्ही तिला संघर्षाचा इतिहास शिकवत होतो आणि संघर्षाची प्रत्येक जागा तिच्यापासून दूर ठेवत होतो.

तरीही आम्ही हललो नाही. आम्हाला हलवले ते एका बाईने.

भंगार वेचणाऱ्या कुटुंबांच्या एका वस्तीत आम्ही नेहमीसारखे गेलो होतो. अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. आई प्लास्टिक वेगळे करत बसलेली. आम्ही आमचे बोलणे सुरू केले, कायदा, गणवेश, मध्यान्ह भोजन, पोरीचे भविष्य. बाईने सगळे ऐकून घेतले. मग हातातली बाटली पोत्यात टाकत म्हणाली, "ताई, तुमची पोरगी तं घरीच शिकते म्हनतात न. मंग माह्याच पोरीच्या मांगं काहून लागले तुमी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते तोंडातून काढण्यासारखे नव्हते. ते उत्तर असे की बाई, आम्ही शिकलेलो आहोत, आमच्या घरात पुस्तके आहेत, आमच्यापैकी एकाने अर्धे काम सोडले तरी चूल पेटते, म्हणून आमची पोरगी घरी राहिली तर ते होमस्कूलिंग, आणि तुझी घरी राहिली तर ती शाळाबाह्य. एकाच गोष्टीची दोन नावे. पहिले नाव ज्यांना परवडते त्यांच्यासाठी. आपल्या समाजातल्या किती घरांना परवडते? जिथे दोघेही रोजीवर जातात तिथे घरी राहिलेली पोरगी भाऊ सांभाळते, पाणी भरते आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. भाषणात हा दाखला आम्ही नेहमी द्यायचो. त्या दिवशी वस्तीतून परत येताना लक्षात आले की त्या संस्थानात राहत असतो तर दंड आम्हालाही झाला असता.

घरी येऊन आम्ही ज्यांची नावे घेतो त्यांच्याकडे पुन्हा पाहिले.

जोतीराव फुल्यांची शाळा एकदा सुटली होती. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले आणि जोतीराव मळ्यात काम करू लागले. मग शेजारचे दोन गृहस्थ, गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब, यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. दोन शेजाऱ्यांनी एका बापाला समजावले नसते तर? १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली असती का? बहुजनांच्या शिक्षणाचा सगळा इतिहास शाळेत परत गेलेल्या एका मुलापासून सुरू होतो, हे आम्ही कधी असे वाचलेच नव्हते.

सावित्रीमाईंना अक्षरओळख घरीच जोतीरावांकडून झाली. पण त्या घरी थांबल्या नाहीत. अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत गेल्या. घर ही पहिली पायरी होती, मुक्काम नव्हता.

आणि सुभेदार रामजी. लष्करी शाळेत शिकवलेला माणूस. भिवाला इंग्रजी शिकवावे, त्याच्याकडून भाषांतर करून घ्यावे, परीक्षेसाठी पहाटे दोनला उठवावे, हे सगळे त्यांनी घरी केले. घरी शिकवण्याची पात्रता त्यांच्याइतकी कोणाची? साताऱ्याच्या शाळेत आपला मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसतो आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल? पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव फळ्याकडे निघाले तर फळ्यामागचे डबे उचलायला सवर्ण मुले धावली. तरी रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही. घरी शिकवले आणि शाळेतही पाठवले. आमच्यात आणि त्यांच्यात हा फरक होता.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने तो आमच्या तोंडावर केला. "बाबासाहेबांनी सोसले म्हणून तुमच्या पोरीनेही सोसावे? लेकराला चळवळीचा शिपाई करता का?"

नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चळवळ भरून पाठवायची नसते. सोसणे हा सद्गुण नाही, आणि बाबासाहेबांनी सोसले ते आपण पुढेही सोसत राहावे म्हणून नव्हे. ज्या मुलाचा जीव धोक्यात आहे त्याला आधी बाहेर काढा, त्याला दवाखाना द्या, त्यात दुमत नाही. पण या आक्षेपाचे उत्तर मुलाला घरी ठेवणे हे नाही. मुलाने शाळेत जायचे ते शिकायला, खेळायला, भांडायला. आणि शाळेशी लढायचे ते आईबापांनी. आम्ही उलटे केले होते. तिसरीतल्या मुलीने एकटीने उभे राहून सोसले आणि आम्ही मोठी माणसे पळून आलो. माघार आमची होती, मुलीची नव्हती.

बाबासाहेब कोलंबियात जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडला. एकत्र जगणे घरात कसे शिकायचे? घरात सगळे आपलेच. जो आपला नाही, ज्याचे आडनाव, डबा आणि देव वेगळा आहे, त्याच्याशेजारी बरोबरीने बसणे ही गोष्ट आपल्या देशात जिथे रोज करावी लागते अशी जागा म्हणजे शाळेचा बाक. म्हणून तर तो बाक आपल्याला इतकी वर्षे मिळू दिला नाही. बौद्ध म्हणून आम्ही तीन शरणे जातो आणि त्यातले तिसरे संघाचे आहे. स्वतःचा दीप व्हायचे म्हणजे एकट्याने कोपऱ्यात जळायचे नव्हे.

आता प्रत्यक्ष परत जाण्याचे. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण कोणाच्या तरी कामी येईल.

आम्ही आधी मुलीला विचारले. ती तीन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे उभे राहायला सांगितले तर?" आम्ही म्हणालो, "तर तू घरी येऊन सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत जायचे." ती म्हणाली, "मागच्या वेळीही मी सांगितले होते." या वाक्यानंतर तिची माफी मागण्याशिवाय आमच्या हातात काही नव्हते. ती मागितली.

शाळा आम्ही जवळची, मनपाची निवडली. इंग्रजी माध्यमाची जागा गेली याची खंत आहे, लपवत नाही. मुख्याध्यापकांनी पहिल्याच भेटीत टीसी मागितली. जुन्या शाळेने ती द्यायला वेळ लावला होता. मग म्हणाले, चौथी झालीच नाही तर चौथीत बसवा. माणूस वाईट नव्हता, त्यांना ऑनलाइन नोंदीची काळजी होती. या वेळी आम्ही तोंडी वाद घातला नाही, लेखी अर्ज दिला. कलम ४ नुसार सहा वर्षांवरील जे मूल शाळेत नव्हते त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण हा हक्क आहे. नमुना नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे आहे. कलम ५ सांगते की टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १४. प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही, हे कलम १३. अर्जाची पोच घेतली. चौथ्या दिवशी मुलीचे नाव पाचवीच्या हजेरीपटावर लागले.

सुरुवात सोपी गेली नाही. वाचनात ती वर्गाच्या पुढे होती, पण फळ्यावरचे उतरवून घेण्याचा वेग नव्हता. अपूर्णांकांत मागे होती, आमच्या किराण्याच्या यादीत ते आलेच नव्हते. तास संपल्याची घंटा झाली की दचकायची. बाईंनी प्रश्न विचारला की हात वर न करता उत्तर द्यायची, मुले हसायची. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुन्हा पोट दुखले. आमच्या काळजाचा ठोका चुकला. पण या वेळी आमच्यापैकी एक जण तिच्यासोबत शाळेत गेला आणि वर्गशिक्षिकेला मागचे सगळे सांगितले. त्या बाईंनी मुलीला काही विचारले नाही, तिला वर्गाच्या वाचनपेटीचे काम दिले. कोणते पुस्तक कोणी नेले ते वहीत लिहायचे. आठ दिवसांत तिला वर्गातल्या सगळ्यांची नावे पाठ झाली आणि पुस्तक परत न करणाऱ्यांशी तिची रोजची बोलाचाली सुरू झाली.

आमचाही प्रवेश झाला. कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित गटातल्या पालकांना प्रमाणात जागा असते. मित्रांनो, ही समिती आपल्या वस्तीतल्या बहुतेक शाळांत कागदावर आहे. पालकसभेला दहा-बारा माणसे येतात आणि सह्या होतात. आम्ही त्या सभेला गेलो, उभे राहिलो, निवडून आलो. पहिल्या बैठकीत आमचा एकच मुद्दा होता. शिष्यवृत्ती, गणवेश किंवा कोणत्याही योजनेसाठी मुलांना वर्गात जातीने किंवा योजनेच्या नावाने उभे करायचे नाही, यादी कार्यालयात करायची, पालकांना बोलवायचे. ठराव झाला, इतिवृत्तात आला. एका शाळेतला एक ठराव, क्रांती नाही. पण तिसरीत आम्ही हेच करायला हवे होते. त्या खासगी शाळेत ही समिती नव्हती, तरी पालक-शिक्षक संघ होता आणि आम्ही त्याच्या एकाही सभेला गेलो नव्हतो.

२५ टक्क्यांच्या जागांबाबतही हेच. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारने बहुतेक खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. रद्द झाली ती आपोआप नाही, लोक न्यायालयात गेले म्हणून. जे दार सोडून गेले त्यांनी ते उघडे ठेवले नाही, जे दारात उभे राहिले त्यांनी ठेवले.

ती भंगारवाली बाई? आम्ही तिच्याकडे परत गेलो. सांगितले की आमची पोरगी आता शाळेत जाते, मनपाच्या. तिने शाळेचे नाव विचारले. आता तिची मुलगीही त्याच शाळेत आहे, वयानुरूप प्रवेशाने. रोज येत नाही. भाऊ आजारी पडला की चार दिवस नाव नाही. विशेष प्रशिक्षणाचा वर्ग कधी भरतो, कधी नाही, त्यासाठी समितीत भांडण चालू आहे. सगळे चांगले झाले असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही.

तरुण भीमसैनिकांनो, तुमच्यापैकी अनेक जण आता आईबाप व्हाल. तुमच्या लेकराला वर्गात कोणी उभे करेल. तेव्हा राग येईल आणि घर सुरक्षित वाटेल. लेकराला जवळ घ्या, गरज असेल तितके दिवस घरी ठेवा. पण बाहेर पडण्याआधी लेखी तक्रार करा, पोच घ्या, आणि परत जायचा दिवस ठरवून ठेवा. तो दिवस आम्ही ठरवला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून मुलीबद्दल पहिली तक्रार आली. मधल्या सुट्टीत लगोरी खेळताना कोणीतरी तिला आऊट म्हटले आणि तिने खेळ थांबवून सगळ्यांना पुरावा मागितला. घंटा झाली तरी ती जागची हलली नाही. बाई म्हणाल्या, फार भांडते हो तुमची मुलगी.

आम्ही बाईंची माफी मागितली. घरी येईपर्यंत मात्र दोघेही हसत होतो.